फाटकाशी बोलायचं नसतं

वेदांतनं वडिलांच्या पासष्टीला काय दिलं, तर सहल. एका दिवसाची, गाइडसकट. सकाळी स्कॉटिश इतिहास, दुपारी गोल्फ, संध्याकाळी व्हिस्की. पुरुषोत्तम करंबेळकरांना इतिहासात रस नाही, गोल्फची काठी त्यांनी जन्मात हातात धरलेली नाही आणि दारूच्या ग्लासाला ते बोटसुद्धा लावत नाहीत. पण जर्सी सिटीत चाळिसाव्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाला एकटे वडील म्हणजे एक प्रॉब्लेम असतो, आणि काहीतरी बुक केलं की प्रॉब्लेम सुटला असं वाटतं. मी त्या पोराला नावं ठेवत नाही. त्यानं निदान बुक तरी केलं. आम्ही इथली, कॅरी गावातली मराठी माणसं चार वर्षं नुसती पोळीभाजी पोचवत होतो आणि डबे परत येतात की नाही ते बघत होतो.

डबे यायचे. घासलेले, कोरडे, रिकामे. मी माणसं डब्यांवरून ओळखते. रिकामा डबा परत देऊ नये हे पुरुषोत्तमरावांना ठाऊक नव्हतं असं नाही. प्रतिमा होती तेव्हा त्यांच्या घरचा डबा कधी हलका आलेला मला आठवत नाही. पण घरातलं देण्याघेण्याचं खातं बायकाच सांभाळतात, आणि ती गेली की ते खातं तसंच उघडं पडून राहतं.

प्रतिमा एकवीस सालच्या मार्चमध्ये आईला बघायला म्हणून पुण्याला गेली. एप्रिलमध्ये तिथेच हॉस्पिटलात भरती झाली. व्हिडिओ कॉलवर पुरुषोत्तमरावांनी तिला ‘येतो’ म्हणून सांगितलं. तिकीट मिळालं, तर टेस्टचा रिपोर्ट वेळेत आला नाही. रिपोर्ट आला, तर विमान रद्द झालं. दुसरं विमान मिळेपर्यंत जाण्याचं कारण उरलं नव्हतं.

तेव्हापासून हा गृहस्थ कुणाच्याही घरून निघताना ‘जातो’ म्हणू लागला. चपला घालायच्या, दाराशी मान हलवायची आणि म्हणायचं, “जातो.” आपल्या कानाला ते किती खुपतं! हळदीकुंकवाच्या घरात म्हटलं तर बायका एकमेकींकडे बघतात. मी एकदा न राहवून चेष्टेच्या सुरात म्हटलं, “भाऊजी, जातो काय? येतो म्हणावं माणसानं.”

ते म्हणाले, “वहिनी, तो शब्द मी वापरून टाकलाय.”

मी त्यांना लिंबाचं लोणचं बांधून दिलं.

तर ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी व्हॅनमध्ये आम्ही चौघं होतो. पुरुषोत्तमराव, मी, माझा नवरा विवेक, आणि आमच्या मंडळाची सेक्रेटरी रुपाली. रुपाली आयटीत आहे, चाळिशीची आहे, आणि तिच्या पर्समध्ये पासपोर्ट नसला तरी चिवडा असतो. गाइड कॅल्विन मॅकनीश नावाचा साठीचा उंच माणूस होता. किल्टखाली, म्हणजे त्या स्कॉटिश चौकड्यांच्या घागऱ्याखाली, त्यानं धावायचे बूट घातले होते. “गुडघे माझे आहेत, बूट डॉक्टरांचे,” असं तो म्हणाला, आणि तो मला आवडला.

कॅरीहून दक्षिणेला निघालं की तासाभरात आपली ओळखीची लाल माती संपते आणि पांढरी वाळू लागते. समुद्र लांब आहे, पण जमीन समुद्राची. वाळूतून सरळ वर गेलेले पाइन, वीतभर लांब सुया, आणि खाली ती सगळी सुयांची चटई, ज्यामुळे कुणाच्याही पावलाचा आवाज होत नाही. अडीचशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली कुटुंबंच्या कुटुंबं बोटीनं येऊन इथे राहिली. कॅल्विन त्यांचाच वंशज. तो गाडी चालवता चालवता सांगत होता. त्याचे पूर्वज राजाविरुद्ध लढले आणि हरले. राजानं त्यांच्याकडून एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. मग ते इथे आले, आणि पुढे इथल्या लोकांनी त्याच राजघराण्याविरुद्ध बंड केलं. यांनी शपथ घेतलेली. म्हणून हे राजाच्या बाजूनं लढले.

“आणि पुन्हा हरले,” विवेक म्हणाला.

कॅल्विन हसला. शब्द हलक्या हातानं देण्याची कला आमच्या लोकांना कधी जमलीच नाही, असं काहीसं तो म्हणाला. कॅरीपासून खिडकीबाहेर बघत बसलेल्या पुरुषोत्तमरावांनी तेव्हा पहिल्यांदा मान वळवली.

ग्लेनार्डनचं चर्च छोटं होतं. पांढऱ्या लाकडाचं, कुलूपबंद. मागे तपकिरी दगडाची बुटकी भिंत आणि तिच्या आत थडगी. कॅल्विननं लोखंडी फाटक उघडण्याआधी आम्हाला थांबवून एक नियम सांगितला. आत हवं ते बोला, हसा, फोटो काढा. पण बाहेर पडताना फाटकाशी काही बोलायचं नाही. गुडबाय नाही, पुन्हा भेटू नाही. नुसतं चालू लागायचं. त्याची आजी असं शिकवायची.

रुपाली म्हणाली, “अय्या, आपल्यासारखंच की! सुतकाच्या घरून निघताना नाही का, येते म्हणत नाहीत.” तिनं ते कॅल्विनला इंग्रजीत समजावलं. आमच्याकडे जाताना ‘मी येते’ म्हणतात, हे ऐकून तो अगदी थबकला. “जाताना? ‘येते’? आणि समोरचा काय म्हणतो?”

“तो म्हणतो, ‘या’.”

कॅल्विननं ते दोन्ही शब्द स्वतःशी म्हणून बघितले. मग म्हणाला, “आत नका म्हणू ते.” तो हसत होता, पण त्यानं ते दोनदा सांगितलं.

एका कोपऱ्यात एक रुंद दगड होता. त्याच्या डाव्या अर्ध्यावर अँगस नावाच्या माणसाची अक्षरं, शेवाळानं भरलेली. उजवा अर्धा कोरा. हा अँगस आधी एकटा आला. घर बांधून बायकोला आणायला परत येतो असं सांगून आला होता. ती तिकडे स्कॉटलंडच्या बेटावरच राहिली. मग युद्ध झालं, बोटी बंद पडल्या. त्यानं दगडाची अर्धी बाजू तिच्यासाठी ठेवली. ती कधी, कुठे गेली हे कुणालाही ठाऊक नाही.

“तिला कळलं का?” पुरुषोत्तमरावांनी विचारलं. “हा येऊ शकत नाहीये, हे तिला कुणी कळवलं का?”

कॅल्विन म्हणाला की हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता.

रुपाली आणि विवेक व्हॅनकडे गेले. मी भिंतीशी बुटातली वाळू झटकत होते. पुरुषोत्तमराव दगडासमोरून हलेनात. पुढे झालं ते इतकं साधं होतं, की मी ते कितीही वेळा आठवलं तरी त्यात अडवण्यासारखी जागा मला सापडत नाही. कॅल्विननं फाटकातून हाक मारली, “येताय ना, सर?” आणि पुरुषोत्तमरावांनी, कुणीही मराठी माणूस देईल तशी, ओ दिली.

“येतो, येतो.”

कॅल्विनला दिलेलं उत्तर होतं ते. पण तोंड दगडाकडे होतं.

आणि बाईचा आवाज आला, “बरं. या.”

निवांत, थोडा दमलेला. दारापर्यंत पोचवायला आलेली बाई म्हणते तसा. मला वाटलं रुपाली. मी मान वर केली, तर रुपाली व्हॅनमध्ये बसून विवेकच्या हातावर चिवडा ओतत होती. पुरुषोत्तमराव माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती असती तर मी काहीतरी केलं असतं. भीती नव्हती. बँकेत नाव पुकारलं जावं आणि माणसानं पटकन उठावं, तसे ते दिसत होते.

आम्ही फाटकातून मुकाट्यानं बाहेर पडलो, नियमाप्रमाणे.

गोल्फचं मैदान जुनं होतं, नऊ खड्ड्यांचं. आमच्यासारख्या हौशी लोकांना तिथे जुन्या लाकडी दांड्यांच्या काठ्या देतात. विवेकनं चौकड्यांची टोपी विकत घेतली आणि पहिल्याच फटक्यात मातीचं ढेकूळ चेंडूपेक्षा लांब उडवलं. रुपालीनं त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकलासुद्धा. उन्हं छान होती. मी स्वतःला समजावलं की वाऱ्यात आवाज लांबून येतात, आणि माझं वय झालंय.

तिसऱ्या खड्ड्यापाशी कॅल्विननं आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं. मागून कुणी भराभर खेळत येत असेल तर त्यांना पुढे जाऊ द्यायचं, हा गोल्फमधला शिष्टाचार. मागे एक बाई एकटीच आहे, म्हणाला, तिला जाऊ देऊ. त्यानं हात वर करून कुणाला तरी खूण केली. आम्ही वाटेच्या कडेला रांगेत उभे राहिलो, एखादी मिरवणूक जाणार असल्यासारखे. पुरुषोत्तमरावांनी तर टोपी काढून हातात घेतली.

कुणी आलं नाही.

कॅल्विन डोळ्यांवर हात धरून बघत राहिला. “वळली असेल कुठेतरी,” म्हणाला. मग जरा वेळानं, मला एकटीला, “ऑक्टोबरच्या मानानं तिचे कपडे फार पातळ होते. फिकट निळं काहीतरी. झग्यासारखं.”

आमच्या पुढ्यात वाळूचा खड्डा होता. अशा खड्ड्यातून चेंडू काढला की खेळणाऱ्यानं दाताळ्यानं वाळू सारखी करून ठेवायची असते, आणि ती आधीच्या माणसानं नीट केलेली होती. रांगोळीच्या आधी अंगण असतं तशी. तिच्यातून अनवाणी पावलं उमटली होती. लहान, जवळजवळ पडलेली. चालायची सवय मोडलेल्या माणसाची पडतात तशी. पलीकडच्या काठावरून आत आली होती आणि आमच्या काठाशी संपत होती.

विवेक म्हणाला, “कुणाचं तरी पोर खेळलं असेल.” तो इंजिनिअर आहे. प्रत्येक गोष्टीला तो एक कारण देतो आणि मग तिकडे बघत नाही.

पुरुषोत्तमरावांनी दाताळं उचललं. खड्ड्यात उतरून कडेकडेनं ओढू लागले. मला वाटलं पुसून टाकतायत. पण त्यांनी पावलं सोडून बाकीची सगळी वाळू सारखी केली.

व्हिस्कीची भट्टी एका जुन्या तंबाखूच्या कोठारात होती. आत पिंपांच्या रांगा, थंडगार अंधूक उजेड आणि ओल्या लाकडाचा गोडसर वास. तिथल्या तरुण मालकिणीनं आम्हाला छोटे ग्लास दिले आणि पिण्याआधी नुसता वास घ्यायला सांगितलं. काय जाणवतं ते एकेकानं सांगायचं. विवेकला व्हॅनिला आला. रुपालीला गूळ आला, आणि गूळ इंग्रजीत सांगताना तिची त्रेधा उडाली. मला काहीच आलं नाही, मी सफरचंद म्हणून सांगितलं.

पुरुषोत्तमरावांनी ग्लास हातात घेतला, याचंच आम्हाला आश्चर्य वाटलं. त्यांनी डोळे मिटले. “हॉस्पिटल,” म्हणाले.

रुपालीनं माझ्या हाताला चिमटा काढला. कॅल्विन मात्र खूश झाला. शाब्बास, म्हणाला, पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, धुरावर सुकवलेल्या बार्लीला अगदी तसाच वास येतो, औषधाचा, आयोडीनचा; नवख्यांना कळत नाही. मला हायसं वाटलं. जगात कारणं असतात, आणि एखादं आपल्या उपयोगाचं निघतं.

मालकीण बाटलीचं लेबल बघत होती. “आम्ही पीट वापरत नाही,” ती म्हणाली. “कधीच वापरलेलं नाही.”

“स्पिरिट,” पुरुषोत्तमराव डोळे न उघडता मराठीत म्हणाले. “आणि नवीन प्लॅस्टिकची नळी.”

परतताना ते सगळ्यात मागे जाऊन बसले. सकाळी माझ्या शेजारी बसले होते. आता कडेच्या सीटवर, खिडकीकडची जागा मोकळी सोडून. एक खांदा थोडा आत घेतलेला. शेजारच्याला जागा व्हावी म्हणून आपण घेतो तसा.

विवेक घोरत होता. रुपाली फोनवर फोटो लावत होती. उन्हं कलली होती आणि पाइनच्या सावल्या गाडीवरून सरकत होत्या.

मी सहज मागे बघितलं.

त्या मोकळ्या सीटच्या खिडकीवर काचेला वाफ धरली होती. तळहाताएवढी.

विरली.

बराच वेळ काही नाही.

मग पुन्हा धरली.

पुरुषोत्तमराव काचेकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ते काही सांगत नव्हते. श्वास मोजून देत होते. आत. बाहेर. आत.

मी पुढे तोंड करून बसले. कॅरी येईपर्यंत मी मागे बघितलं नाही. अजून वाटतं, मी उठून त्या मोकळ्या जागेवर जाऊन बसायला हवं होतं. चार पावलांचा प्रश्न होता, आणि बसायला जागा तर होतीच.

सकाळी गाड्या ठेवल्या होत्या त्या देवळाच्या पार्किंग लॉटमध्ये व्हॅन थांबली. पुरुषोत्तमराव शेवटी उतरले. दार त्यांनी लगेच लावलं नाही, हातानं धरून उभे राहिले. मग हळूच लावलं. आमच्याकडे वळून, चार वर्षांत दिसलं नव्हतं असं हसत म्हणाले, “बरंय, येतो.”

रुपालीचे डोळेच भरून आले. “बघा मावशी,” ती मला म्हणाली, “ट्रिप लागू पडली काकांना.” विवेकनं त्यांची पाठ थोपटली. त्यांनी आपल्या गाडीचं पलीकडचं दार आधी उघडलं, थांबले, लावलं. मग स्वतः बसले. अगदी सावकाश गेले, खड्डे चुकवत. त्या पार्किंग लॉटमध्ये खड्डे नाहीत.

मंगळवारी वेदांतचा फोन आला. हा मुलगा सणावारी मेसेज पाठवतो. फोन करतो म्हणजे काहीतरी असणार. “काकू, इज बाबा ओके?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, का रे? तर म्हणाला, बाबा रोज फोन करतायत, मजेत आहेत, गातायतसुद्धा. “ही साउंड्स हॅपी, काकू. दॅट्स द वीअर्ड पार्ट.” थोडं थांबून म्हणाला, “त्यांनी मला विचारलं, घरी ऑक्सिजन मशीन रेंटवर कुठे मिळतं. आय सेड, फॉर हूम?”

“मग काय म्हणाले?”

“म्हणाले, तू कामात असतोस, तुला त्रास नको.”

मी लगेच निघाले. सकाळची वेळ होती, गल्लीत कुणीतरी पानं गोळा करण्याचं यंत्र चालवत होतं. वाटेत मी मनाशी वाक्य जुळवत होते. डॉक्टरचं नाव, वेदांतला बोलावून घेणं, काही दिवस आमच्याकडे राहायला येणं. त्यांना हे सगळं चार वर्षांपूर्वी कुणीतरी म्हणायला हवं होतं, हेही मनात होतं. माणूस शब्द पाळू शकला नाही, तर त्याला त्यातून मोकळं करायला कुणीतरी लागतं. आम्ही पोळ्या दिल्या.

दार त्यांनी फटीएवढं उघडलं. दाढी ताजी, शर्ट इस्त्रीचा. तोंडावर मास्क. निळा, कागदी, त्या दिवसांतला.

“वहिनी, बरं झालं आलात,” ते कुजबुजले. “पण आवाज नको. रात्रभर डोळा नव्हता. आत्ता कुठे पालथं झोपवलंय. तसंच झोपवायला सांगितलंय.”

जुळवलेल्या वाक्यांतलं एकही वाक्य मला आठवेना. त्यांनी फटीतून एक मास्क माझ्या हातात दिला, सगळ्यांना देतात त्या सरावानं.

“एवढा घाला. तिला जपायला हवं. आणि मनाला लावून घेऊ नका, ओळखेलच असं नाही.”

मी परत फिरायला हवं होतं. मी मास्क घातला. दोऱ्या कानांमागे अडकवताना माझे हात जुन्या सवयीनं आपोआप हलले.

जिन्यालगतच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. पडदे ओढलेले. पलंगावर कुणीतरी पालथं निजलं होतं, तोंड भिंतीकडे. विस्कटलेली वेणी उशीवरून खाली लोंबत होती. पांघरूण सावकाश वर गेलं, आणि तिथेच थांबलं.

पुरुषोत्तमरावांनी माझा हात धरला. ते खाली येण्याची वाट बघत आम्ही दोघंही दाराशी उभे राहिलो.